खोटी खोट

इतिहासकारांनी राजांचा इतिहास लिहिला, लढायांचा लिहिला, तहांचा लिहिला. अलीकडे तर मिठाचा, चहाचा नि बटाट्याचाही लिहून काढला. पण खोटीचा इतिहास अजून कोणी मनावर घेतलेला दिसत नाही. खोट म्हणजे वस्तूतली खोट. पातेल्याला पोचा येतो, घड्याळ पाच मिनिटं पुढे पळतं, पंखा तिसऱ्या नंबरावर 'कटकट' करतो, ती खोट. माणसाचं आणि खोटीचं नातं मोठं गमतीचं असतं. आधी तो तिच्यावर चिडतो, मग तिला सरावतो, आणि एके दिवशी कोणी ती दुरुस्त केली की त्याला रात्रभर झोप येत नाही. दूध पातेल्याला लागलं की घरात केवढा आरडाओरडा होतो! पण तीच खरवड चमच्याने खरवडून खायला मिळावी म्हणून आम्हां भावंडांत हातघाईच्या लढाया झालेल्या आहेत. आता समजा, एखाद्या हुशार गृहस्थाने दूध मुळीच न लागणारं पातेलं शोधून काढलं, आणि पन्नास वर्षांनी त्याच्याच नातवाने त्या दुधाला खरवडीची चव यावी म्हणून एक महागडं यंत्र बनवलं, तर त्या घराण्याला तुम्ही काय म्हणाल?

विजेवरच्या गिटारचा इतिहास हा असा खरवडीचा इतिहास आहे. गेल्या नव्वदेक वर्षांचे सरळ दोन भाग पडतात. पहिल्या भागात भली भली माणसं यंत्रातली खोट काढण्यासाठी झिजली. दुसऱ्या भागात त्यांच्याइतकीच भली माणसं तीच खोट परत आत घालण्यासाठी झिजताहेत. पहिली खोट खरी होती, दुसरी खोटी. खोटी खोट! आपल्या भाषेत हे दोन शब्दांत भागतं. तिकडे त्याला 'डिजिटल ॲम्प मॉडेलिंग' असं भारदस्त नाव आहे, आणि नावाच्या मानाने किंमतही.

हा विषय आमच्या घरात शिरला तो चिरंजीवांमुळे. चिरंजीव एका कॉम्प्युटर कंपनीत आहेत. सकाळी नऊला जातात ते रात्री साडेआठाला येतात, जेवताजेवता अमेरिकेशी बोलतात, आणि अकराच्या सुमाराला अमेरिका एकदाची कामाला लागली की यांची सुटका होते. अकरा ते बारा हा त्यांचा स्वतःचा तास. त्या तासात ते गिटार वाजवतात. एकदा म्हणाले, "बाबा, गिटारसाठी एक बॉक्स घेतोय." मी ही बातमी मायमराठीत आणून स्वयंपाकघरात पोचवली. "पेटी घेतोय म्हणतो." ऐकून सौभाग्यवतींचे डोळे पाणावले. त्यांच्या माहेरी पायपेटी होती. "गुरुवारच्या भजनाला उपयोगी पडेल हो," म्हणाल्या.

पेटी आली ती शंभर पानी वहीएवढी. तिला भाता नव्हता, पट्ट्या नव्हत्या. चार बटणं नि एक लुकलुकणारी काच. त्या वहीत म्हणे दोनशे ॲम्प्लिफायर होते. एक ॲम्प्लिफायर उचलायला दोन धडधाकट कार्यकर्ते लागतात हे मी गणेशोत्सवात डोळ्यांनी पाहिलेलं आहे. इथे दोनशे, आणि तेही नावानिशी. नावं मात्र किंचित बदललेली. 'ब्रिटिश अमुक', 'अमेरिकन तमुक'. मालिकेच्या आधी 'यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत' अशी पाटी दाखवतात ना, त्यातलाच प्रकार. पात्रं कोण ते सगळ्या गावाला ठाऊक, पण कोर्टकचेरी नको!

आठ दिवस झाले तरी चिरंजीवांच्या चेहऱ्यावर समाधान दिसेना.

"काय रे, बिघडली का पेटी?"

"पेटी चांगली आहे बाबा. आवाज येत नाही."

"मला तर येतोय. डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा."

"तेच म्हणतोय मी! मला तसा नकोय. मला तो १९६८ सालच्या ॲम्पचा हवाय. फुटलेला."

फुटलेला आवाज काढायला माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा जास्त पैसे! निवृत्त माणसाच्या हाती असला धागा लागला की तो वेटोळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेल्याशिवाय राहत नाही. मी वाचायला बसलो.

मुळात गिटार ही हळू बोलणारी बाई. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नाचाच्या बँडमध्ये कर्णे नि ढोल यांच्या शेजारी तिला बसवत, तेव्हा तिची अवस्था लग्नात बँडशेजारी उभं राहून सोन्याचा भाव सांगणाऱ्या आत्याबाईंसारखी व्हायची. ओठ हलताना दिसायचे, एवढंच. जॉर्ज बीचम नावाच्या वादकाने १९३१ साली लॉस एंजेलिसमध्ये यावर उपाय काढला. तारांजवळ लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं बसवलं. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज हलते. ती वाढवून स्पीकरला द्यायची. १९३२ साली ही गिटार विकायला आली. वाटोळं अंग, लांब दांडा. लोकांनी नाव ठेवलं 'फ्राइंग पॅन'. म्हणजे हा इतिहास खरोखरच तव्यापासून सुरू होतो. पेटंट मिळालं १९३७ साली. सरकारी कचेऱ्या तिकडेही सरकारीच असाव्यात.

वीज वाढवायची तर व्हॉल्व्ह हवेत. आपल्या जुन्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून लालसर दिसायचे, ते काचेचे दिवे. ते तापेपर्यंत रेडिओ तोंड उघडायचा नाही, आणि एकदा तापले की बातम्यासुद्धा मायेने सांगायचा. कॅलिफोर्नियात फुलरटन गावी लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. त्याने व्हॉल्व्हचे ॲम्प बांधायला घेतले. स्वतः गिटार वाजवता येत नसे, त्यामुळे कामात व्यत्यय नव्हता. आवाज स्वच्छ हवा, घासलेल्या तांब्यासारखा, हा त्याचा ध्यास. पण झालं असं, की ॲम्प विकत घेणाऱ्यांना त्याच्याएवढं धैर्य नव्हतं किंवा मग फार होतं. त्यांनी त्याचा कान पार शेवटापर्यंत पिळला. स्वच्छ आवाज गेला नि घोगरा, दाटलेला, भांडणारा आवाज आला.

इथून पुढचा इतिहास हा पोलीस पंचनाम्यासारखा वाचावा लागतो. १९५१ साली आयक टर्नरचा बँड मिसिसिपीतून मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत निघाला. वाटेत गिटारच्या ॲम्पला इजा झाली. कोणी म्हणतं गाडीवरून पडला, कोणी म्हणतं पावसात भिजला. स्पीकरचा पडदा फाटला. दुरुस्तीला वेळ नव्हता. आत कागद कोंबले आणि तसंच वाजवलं. 'रॉकेट ८८' या गाण्यात तो फाटका आवाज अजून ऐकू येतो. पुष्कळ लोक त्याला पहिलं रॉक अँड रोल गाणं म्हणतात. १९५८ साली लिंक रे या वादकाने विचार केला, अपघाताची वाट कशाला पाहा? त्याने पेन्सिल घेतली आणि स्पीकरच्या पडद्याला भोकं पाडली. 'रंबल' ही त्याची धून आली नि काही रेडिओ केंद्रांनी तिच्यावर बंदी घातली. धून, बरं का. शब्द एकही नाही. नुसत्या आवाजाच्या चेहऱ्यावरून तो गुंड ठरला.

नॅशविलला मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' ध्वनिमुद्रित होत असताना यंत्रातला एक ट्रान्सफॉर्मर नासला, आणि ग्रेडी मार्टिनच्या गिटारचा आवाज घसा बसलेल्या भोंग्यासारखा उमटला. रेकॉर्ड तशीच निघाली, चालली, आणि इतर लोक 'तो आवाज द्या' म्हणत येऊ लागले. तोवर ट्रान्सफॉर्मर पुरता मेला होता. मग ग्लेन स्नॉडी या तंत्रज्ञाने त्या मेलेल्या ट्रान्सफॉर्मरची नक्कल करणारी छोटी डबी बनवली. १९६२ साली ती 'फझ-टोन' नावाने बाजारात आली. ही बहुधा विकायला ठेवलेली पहिली खोटी खोट. १९६५ साली कीथ रिचर्ड्‌सने 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ती वापरली, तीही पुढे तिथे कर्णे वाजवायचेत याची खूण म्हणून. खूणच राहिली, कर्णे आलेच नाहीत. आणि मधल्या १९६४ सालात लंडनच्या सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या ॲम्पचा स्पीकर दाढीच्या ब्लेडने कापून 'यू रिअली गॉट मी' वाजवलं. कागद, पेन्सिल, मेलेला ट्रान्सफॉर्मर, ब्लेड. एवढ्या मुद्देमालावर एका शतकाचं संगीत उभं आहे!

त्यात मार्शलसाहेबांची भर पडली. जिम मार्शल यांचं पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला ढोलताशांचं, म्हणजे त्यांच्याकडच्या ड्रमचं दुकान. गिटारवाले गिऱ्हाईक कुरकुर करायचे, की अमेरिकन ॲम्प परवडत नाहीत. १९६२ साली मार्शलनी दोन तंत्रज्ञांच्या मदतीने फेंडरच्याच एका ॲम्पची नक्कल केली. सुटे भाग मिळतील ते घातले. स्पीकर वेगळे, खोकं मागून बंद. नक्कल पूर्ण जमली नाही, आणि जेवढी जमली नाही तेवढ्याला जग 'ब्रिटिश आवाज' म्हणू लागलं. पुढे 'द हू'च्या पीट टाउनशेंडला १०० वॉटचा ॲम्प आणि आठ स्पीकरचं एकच अवाढव्य खोकं हवं झालं. ते बांधून दिलं. उचलणाऱ्यांनी कंबरेला हात लावले, म्हणून मग त्याची एकावर एक ठेवायची दोन खोकी झाली, असं खुद्द मार्शल सांगत. रॉक मैफलीच्या प्रत्येक फोटोत मागे जी काळी भिंत दिसते ती हमालांच्या पाठदुखीतून उभी राहिली आहे. १९६६ साली एकवीस वर्षांचा एरिक क्लॅप्टन लंडनच्या डेका स्टुडिओत मार्शल घेऊन गेला. आवाज कमी कर म्हटल्यावर ऐकेना. शेवटी माईक लांब सरकवला. त्या रेकॉर्डमधला आवाज पकडायला लोक आजपर्यंत धडपडताहेत.

का बरं एवढा मोह? वाचता वाचता हे थोडं कळलं. ध्वनीची लाट म्हणजे सह्याद्रीची रांग समजा. शिखर, दरी, शिखर, दरी. व्हॉल्व्हवर त्याच्या ताकदीबाहेर भार टाकला की शिखरं कापली जातात नि पाचगणीचं पठार तयार होतं. पण व्हॉल्व्ह सुऱ्याने कापत नाही, कडा गोलसर ठेवतो. शिखर कापलं की मूळ स्वराच्या अंगातून नवे स्वर फुटतात. शिवाय वरचा स्वर दबला नि खालचा उचलला गेला, की सूर लांबतो, रेंगाळतो. गिटार गाऊ लागते.

हे वाचलं नि मी एकदम मिरजेला पोचलो. अहो, आपल्या तंबोऱ्याची जवारी म्हणजे दुसरं काय आहे? घोडीचा माथा किंचित उतरता, त्यावर तार घासत राहायची, मध्ये सुताचा एक दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. कोऱ्या कानाला ती भणभण, जाणत्याला ब्रह्मांड. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली वीणा-तंबोऱ्यावर लिहून ठेवलंय, की तार जिथे छेडली तिथल्या नियमाने जे उपस्वर उमटूच नयेत, तेही या घोडीमुळे खुशाल उमटतात. मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्या घराण्यांचे पूर्वज तलवारींना धार लावणारे शिकलगार. धार लावणाऱ्या हातांनी स्वराची धार मोडायची कशी, हे शोधलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि १९७९च्या सुमारास बंगळूरच्या जी. राज नारायण या इंजिनियरांनी विजेवरचा तंबोरा काढला. म्हणजे खोटी जवारी! या बाबतीत आपण डिजिटलवाल्यांच्या पुढे आहोत, पण आपण त्याचा गवगवा करत नाही. उलट 'तंबोरा तो तंबोराच' म्हणून नाकं मुरडतो आणि रियाजाला पेटीच लावतो.

तर त्या खऱ्या खोटीची किंमत फार होती. ती यायची तर ॲम्प पार शेवटापर्यंत पिळायला हवा, आणि पिळला की कानठळ्या. १९७६ साली लंडनच्या चार्ल्टन मैदानावर 'द हू'ने १२६ डेसिबल गाठून गिनेस बुकात नाव लावलं. टाउनशेंडने पुढे आपले कान गेल्याचं जाहीरपणे सांगितलं. आवाज हवा पण आवाज नको, असा तो पेच.

पेच सोडवायला बोस्टन बँडचे टॉम शोल्झ पुढे आले. शिकलेले इंजिनियर. १९८२ साली त्यांनी 'रॉकमन' नावाची डबी काढली. कमरेला लावा, हेडफोन कानाला लावा, आणि शेजारी झोपलेला असतानाच मैदान गाजवा. १९८९ साली न्यूयॉर्कचा 'सॅन्सॲम्प' आला. मग १९९५ साली रोलँडची व्हीजी-८, आणि १९९८ साली लाईन सिक्सचा 'पॉड', लालबुंद, अगदी राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा. यात ॲम्पचं प्रत्यक्ष काहीच नव्हतं, नुसती आकडेमोड. सेकंदाला चव्वेचाळीस हजारांच्या वर वेळा स्वराला 'तू आत्ता कुठे आहेस?' म्हणून विचारायचं, आणि व्हॉल्व्हने त्याचं काय केलं असतं याचा हिशेब करायचा. 

हिशेबात एक गोम होती. सिनेमात टांगा पळताना चाकं कधी कधी उलटी फिरताना दिसतात ना? कॅमेरा पुरेशा वेळा पाहत नाही म्हणून. तसंच इथे. फुटलेल्या स्वरातले फार उंच उपस्वर आकड्यांच्या चाळणीत मावत नाहीत, आणि उलटे फिरून खाली भलत्याच जागी बेसूर उमटतात. आवाजाला एक पत्र्याचा वास येतो. मग आणखी कितीतरी पट वेळा मोजायचं, हा त्यावर उतारा; त्याला ताकद लागते, आणि ताकद हळूहळू आली. २००६ साली फ्रॅक्टलचं यंत्र आलं, २०११ साली जर्मनीच्या ख्रिस्तोफ केंपरचं. केंपरचं यंत्र खऱ्या ॲम्पमध्ये चित्रविचित्र आवाज सोडतं, काय परत येतं ते ऐकतं नि त्याची छबी काढतं. अलीकडे तर न्यूरल नेटवर्कला शिकवणी लावतात. गिटारचा कोरा आवाज हा, ॲम्पमधून आलेला हा, आता घोक. ते बिचारं जुळेपर्यंत घोकतं. यातल्या काही शिकवण्या आता फुकट मिळतात.

एवढं सगळं असून चिरंजीवांच्या डब्यातली गांधीलमाशी का जाईना? तर इतिहास वाचला नि उत्तर त्यातच सापडलं. लोक खोट ॲम्पमध्ये शोधतात. पण आपण रेकॉर्डवर जे ऐकतो त्यात ॲम्पच्या पुढे स्पीकर आहे, खोकं आहे, त्यापुढे माईक आहे. गिटारचा बारा इंची स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्‌झच्या वर फारसं काही बोलतच नाही. गांधीलमाशी राहते ती त्याच्या वर. स्पीकर हाच तिच्यावरचा जाळीचा दरवाजा. पेटीत तो दरवाजा चिरंजीवांनी उघडा टाकला होता; एका मित्राने सांगितलं होतं, बंद कर, 'प्युअर' वाटतं.

हा दरवाजाही आता आकड्यांचा मिळतो. त्याला 'इम्पल्स रिस्पॉन्स' म्हणतात. तुम्ही शाळेच्या सहलीत विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली असेल. एक टाळी वाजवली की घुमट आपला सगळा स्वभाव सांगून टाकतो. तसं खोक्यापुढे माईक ठेवून एक टाळी, म्हणजे विजेची टिचकी, द्यायची नि उत्तर जपून ठेवायचं. मग कुठलाही स्वर त्या उत्तरातून गाळून घ्या, तो त्या खोक्यात वाजल्यासारखा वाटतो. माईक पडद्याच्या मध्याशी होता की कडेशी, यावर आवाज तिखट की मवाळ ते ठरतं. बोटभर सरकला तरी मामला बदलतो. चिरंजीवांनी दोनशे ॲम्प चाळण्यात आठ दिवस घालवले होते. एका खोक्यासमोरचा माईक मध्यावरून कडेला सरकवायला दहा मिनिटं लागली. गांधीलमाशी उडाली.

दुसरी गोष्ट, खोट किती घालायची. चिरंजीवांनी फोडणीसारखा 'गेन' सढळ हाताने टाकला होता. जुन्या रेकॉर्डी नीट ऐका, असं मी म्हणालो. त्यातली खोट आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी आहे. बाकीचा दणका हाताचा आहे, आणि एकच ओळ दोनदा वाजवून एकावर एक चढवण्याचा आहे. गेन निम्म्यावर आला. गिटारवरचा स्वतःचा कान थोडा मागे फिरवला की आवाज निवळतो, पुढे नेला की चिडतो, हेही त्यांना सापडलं. दोनशे ॲम्पपैकी एकशे नव्व्याण्णवांना रजा मिळाली.

तिसरी गोष्ट कळायला मात्र एक माणूस जावं लागलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका-काकू राहतात, म्हणजे, राहत. काका दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. पूर्वी चिरंजीवांकडे मित्राचा एक खरा व्हॉल्व्हचा ॲम्प होता. एका रात्री दार वाजलं. काकू उभ्या. रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "जरा हळू रे राजा, यांना आत्ताच डोळा लागलाय." चिरंजीवांनी दुसऱ्या दिवशी ॲम्प परत केला आणि गिटार कपाटावर ठेवली. आठ महिने ती तिथेच होती. अकरा ते बारा या तासात ते मोबाईलकडे पाहत बसत. ती पेटी घरात आली ती या आठ महिन्यांनंतर, हे मला उशिरा उमगलं. खरा आवाज की खोटा, हा वाद पुस्तकात ठीक आहे. आमच्या घरात प्रश्न होता तो वाजवायचं की नाही वाजवायचं, एवढाच. हेडफोन लावून चिरंजीव वाजवत असले की बाहेर फक्त तारांची टिकटिक ऐकू यायची. खाली काकांना झोप लागायची. खोट्या खोटीचे माझ्यावर तेवढे उपकार आहेत.

काका गेल्या श्रावणात गेले. महिन्याभराने काकू जिन्यात भेटल्या, चिरंजीवांना म्हणाल्या, "हल्ली वाजवत नाहीस का रे?"

"वाजवतो काकू. हेडफोन लावून."

"आता कशाला रे हेडफोन? वाजव मोठ्याने. खाली फार शांत वाटतं."

रविवारी सकाळी पेटी एका मोठ्या स्पीकरला जोडली. हेडफोनमध्ये इतके दिवस घोटून घोटून बसवलेला तो आवाज खोलीत आला, आणि खिडकीची तावदानं थरथरली. खालचा स्वर ढोलासारखा, वरचा सुईसारखा. याचंही कारण १९३३ सालीच सापडलेलं आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसांचे कान तपासून दाखवलं, की हळू आवाजात कानाला खर्ज नि तार दोन्ही कमी ऐकू येतात. म्हणून हळू आवाजात जुळवणारा माणूस नकळत दोन्ही टोकं वाढवून ठेवतो. आवाज मोठा केला की ती टोकं बोचतात. जिथे वाजवायचं त्याच उंचीवर जुळवायचं, हा उपाय. चिरंजीवांनी शंभर हर्ट्‌झच्या खालचं कापलं, सहा हजारांच्या वरचं कापलं, मधलं थोडं उचललं. हेडफोनवर हाच आवाज कोमट लागला असता. खोलीत तो छातीवर येऊन बसला. हवा हलत होती. हे हवेचं हलणं त्या आठ महिन्यांत नव्हतं नि त्यानंतरच्या हेडफोनच्या रात्रींतही नव्हतं.

काकू वर आल्या. सौभाग्यवतींनी चहा टाकला. पेटीवर भजन होणार नाही हे त्यांनी एव्हाना मोठ्या मनाने स्वीकारलं होतं. चिरंजीवांनी एक साधी, संथ ओळ वाजवली. शेवटचा सूर रेंगाळला, जरासा घोगरा झाला आणि विझला.

"हे मुद्दाम असं फाटल्यासारखं वाजवतात का रे?" काकूंनी विचारलं.

"हो काकू. व्हॉल्व्हचं आहे ते. म्हणजे, व्हॉल्व्ह नाहीये यात, पण असल्यासारखं."

काकूंनी मान हलवली. "आमच्या यांच्या रेडिओचा आवाज असाच यायचा," त्या म्हणाल्या. "सकाळी लावला की आधी तापायचा, मग बोलायचा. शेवटी शेवटी तर खरखरच फार होती. दुरुस्त करून आणू का म्हटलं, तर म्हणायचे, राहू दे. मी सवय लावून घेतली आहे."

कपातला चहा निवला. चिरंजीवांनी न विचारता तीच ओळ पुन्हा वाजवली, आणि या वेळी शेवटचा सूर त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवला.